दहातले अडीच गुण जातात कुठे? मॉडेल एरोबॅटिक्सचं परीक्षण आणि पायलटच्या चुका

एरोबॅटिक्सच्या, म्हणजे रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानांच्या हवाई कसरतींच्या, स्पर्धेत प्रत्येक कसरत दहा गुण घेऊनच सुरू होते. परीक्षक नुसतं वजा करत जातो. नवीन पायलट हीच गोष्ट उलटी धरून बसतात. त्यांना वाटतं, कसरत जितकी थरारक तितके गुण जास्त. प्रत्यक्षात जमिनीपासून हातभर उंचीवरून उलटं विमान नेलं तरी गुण वाढत नाहीत. उलट सुरक्षेच्या कारणावरून अंगाशी येऊ शकतं. लूप (उभं वर्तुळ) दिसायला सोपा आणि स्नॅप रोल (झटक्याने घेतलेली गिरकी) अवघड, पण गुणपत्रिका काढून बघा. बहुतेक पायलटांचे गुण स्नॅपमध्ये कमी आणि दोन कसरतींमधल्या सरळ रेषांमध्ये, लूपच्या वरच्या पावभागात आणि रोलच्या, म्हणजे विमान स्वतःच्या लांबीभोवती फिरतं त्या फिरकीच्या, आधी-नंतरच्या लांबीत जास्त गेलेले असतात.

सांगली-साताऱ्याकडे मॉडेल उडवणारी मुलं-माणसं आता बरीच आहेत, पण नियमावली उघडून वाचणारे थोडे. म्हणून हा लेख. बोलणार आहे ते मुख्यतः एफ-३-ए या वर्गाबद्दल, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघाच्या रेडिओ कंट्रोल एरोबॅटिक्सबद्दल. या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमधल्या ड्यूबेनडॉर्फला झाली आणि अमेरिकेचा एड काझमिर्स्की जिंकला. मॉडेलचा पंखविस्तार जास्तीत जास्त २ मीटर, लांबीही जास्तीत जास्त २ मीटर. आपलं आपण उडणारं, जायरोने स्थिर ठेवलेलं विमान चालत नाही. एक्स्पो, ड्युअल रेट, मिक्सिंग, म्हणजे स्टिकचा परिणाम कमी-जास्त करणाऱ्या किंवा जोडणाऱ्या ट्रान्समीटरच्या सोयी, चालतात. स्वतःहून वेळ मोजून कसरत पूर्ण करणारी बटणं चालत नाहीत.

पंधरा अंशांचा एक गुण

एफ-३-ए मधला ढोबळ हिशेब असा: १५ अंश चूक, १ गुण वजा. गुण अर्ध्या-अर्ध्याने दिले जातात, त्यामुळे सात-आठ अंशांची चूक अर्ध्या गुणाला पडते. मोठ्या, खऱ्या विमानासारख्या दिसणाऱ्या मॉडेलच्या स्पर्धांमध्ये, ज्यांना सगळे आयमॅक म्हणतात, हिशेब जास्त कडक आहे: दर ५ अंशांना अर्धा गुण. माणूस आत बसून उडवतो त्या विमानांच्या स्पर्धेत तर ५ अंशांना पूर्ण एक गुण. नुसते आकडे बघून एफ-३-ए सोपं वाटेल. पण तिथे अंशांखेरीज परीक्षकाला आणखी बऱ्याच गोष्टी बघायच्या असतात: आकार भूमितीत बसतो का, हालचाल सलग आणि डौलदार आहे का, कसरत आपल्या जागी झाली का आणि बाकीच्या कसरतींच्या मानाने तिचं माप बरोबर आहे का.

शिवाय सगळे १५ अंश सारखे धरले जात नाहीत. विमान ज्या वाटेने गेलं त्या वाटेची चूक जास्त गंभीर. पंख किंचित कलला, नाक थोडं बाजूला राहिलं, तर ती चूक कमी. एफ-३-ए समजून घ्यायचं असेल तर आधी हे डोक्यात पक्कं बसवा: परीक्षक विमानाच्या गुरुत्वमध्याने आकाशात काढलेली रेघ बघत असतो. नाक कुठे रोखलंय हा दुय्यम प्रश्न. पश्चिमेच्या वाऱ्यात नाक दहा अंश वाकडं ठेवून विमान सरळ रेषेत नेलं, तर ते सरळच. नाक सरळ ठेवलं आणि विमान वाऱ्याबरोबर सरकत गेलं, तर ते वाकडं.

चौकट

पायलटपासून डावीकडे ६० अंश, उजवीकडे ६० अंश आणि वर ६० अंश. एवढ्या जागेत सगळं बसवायचं. उड्डाणरेषा साधारण १५० मीटर दूर. १७५ मीटरपलीकडे गेलात तर विमान कितीही मोठं असो, गुण कापले जातात, कारण इतक्या लांबून परीक्षकाला चूक दिसत नाही आणि ज्याला चूक दिसत नाही त्याने पूर्ण गुण द्यायचे नसतात. १५० मीटरवर ६० अंश म्हणजे मध्यापासून २६० मीटर. डावीकडून उजवीकडे ५२० मीटर रुंदी, वर २६० मीटर उंची. कागदावर ही जागा भरपूर वाटते. पण सेकंदाला २२ मीटर जाणारं विमान ही सगळी रुंदी २४ सेकंदांत संपवतं, आणि त्याच वेळात मध्यावरची एक कसरत, तिच्या आधी-नंतरची सरळ रेषा आणि टोकाला वळायची कसरत बसवायची असते.

मध्यावरची कसरत मध्यावर झाली नाही तर किती सरकली त्यानुसार अर्ध्यापासून चार गुणांपर्यंत फटका बसतो. चारपर्यंत! माझ्या मते नवीन पायलट सगळ्यात जास्त गुण इथेच घालवतात, आणि हे गुण वाचवायला कसलंही कौशल्य लागत नाही, लागतो तो मैदानावर रोवलेला एक झेंडा. लूप मध्यावर हवा म्हणजे लूपची सुरुवात मध्यावर हवी. रोल मध्यावर हवा म्हणजे रोलचा अर्धा भाग मध्यावर संपायला हवा. सेकंदाला २२ मीटर वेगात चार सेकंदांचा रोल करायचा तर तो मध्याच्या ४४ मीटर आधी सुरू करावा लागतो. वारा पाठीमागून असेल तर आणखी आधी.

मैदानावर ६० अंश आखायला महागडं यंत्र लागत नाही. पायलटच्या जागी एक खुंटी ठोका. समोर, उड्डाणरेषेला काटकोनात, २० मीटरवर दुसरी खुंटी. आता दोन्ही खुंट्यांपासून २०-२० मीटरच्या दोऱ्या ताणून जिथे एकमेकींना भेटतात तिथे तिसरी खुंटी ठोका. समभुज त्रिकोण झाला, म्हणजे ६० अंश आपोआप मिळाले. पहिल्या खुंटीवरून तिसरीकडे बघत सरळ रेषेत लांबवर बांबू रोवा आणि त्याला लाल कापड बांधा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. वरच्या ६० अंशांसाठी कंपासपेटीतला ३०-६०चा गुण्या काठीला बांधून डोळ्याच्या उंचीवर धरला तरी चालतं. परीक्षक पायलटच्या मागे ७ ते १० मीटरवर बसतात, त्यांना जवळपास तुमच्याच कोनातून दिसतं. तरी दोघांच्या डोळ्यांत थोडा फरक पडतो, हे मात्र ध्यानात असू द्या.

वारा

सांगलीच्या पूर्वेला जत, कवठेमहांकाळकडच्या माळावर आणि साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की थांबत नाही. नियमानुसार वारा असला तरी आकार बिघडता कामा नये. वारा सगळ्यांनाच आहे, त्यामुळे सबब चालत नाही.

एक हिशेब करून बघू. ६० मीटर व्यासाचा लूप म्हणजे १८८ मीटरची वाट. सेकंदाला २२ मीटरने ती साडेआठ सेकंदांत संपते. वारा सेकंदाला ५ मीटर असेल आणि तुम्ही काहीच केलं नाहीत, तर एवढ्या वेळात विमान ४३ मीटर वाहून जातं. म्हणजे लूप जिथे सुरू झाला तिथून त्याच्या व्यासाच्या दोन तृतीयांश इतका पुढे जाऊन संपतो. गोल राहतच नाही, ओढून लांबवलेल्या गाठीसारखं काहीतरी दिसतं. मग पायलट म्हणतो, "पण मी स्टिक सारखीच धरली होती." सारखी धरली म्हणूनच बिघडलं.

वाऱ्यात शिरताना लूप सुरू केला तर खाली विमानाचा जमिनीवरचा वेग कमी असतो, म्हणून एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा पडदा) हलका ठेवायचा. माथ्यावर विमान वाऱ्याबरोबर जाऊ लागतं, जमिनीवरचा वेग वाढतो, तिथे घट्ट ओढायचं. पाठीमागून वारा घेऊन लूप सुरू केला तर सगळं उलटं: खाली घट्ट, माथ्यावर सोडून द्यायचं, विमान वर थोडं तरंगू द्यायचं. बऱ्याच जणांना माथ्यावर सोडायची भीती वाटते. वेग कमी झालेला असतो, विमान पडेल असं वाटतं, म्हणून ते ओढतात आणि लूपचा माथा टोकदार होतो. त्यावर उपाय थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर. वर जाताना वाढवायचा, माथ्यापाशी कमी करायला लागायचं, उतरताना जवळजवळ बंद. खाली उतरताना थ्रॉटल उघडा राहिला तर शेवटचा पाव भाग मोठा होतो. 'लूप खाली लोंबला' असं परीक्षक म्हणतो ते हेच.

उभी रेषा वाऱ्यात आणखी फसवते. वारा सेकंदाला ४ मीटर, वर जाण्याचा वेग २० मीटर, तर वाट उभी राहण्यासाठी नाक वाऱ्याकडे साडेअकरा अंश झुकलेलं हवं. पश्चिमेचा वारा असताना पश्चिमेकडे जाऊन वर ओढलं तर पूर्ण ९० अंशांवर न्यायचं नाही, आधीच थांबायचं. पूर्वेकडे जाताना वर ओढलं तर ९०च्या थोडं पुढे न्यायचं. आणि वर जाताना वेग कमी होत जातो, म्हणून झुकाव वाढवत न्यावा लागतो. मधे अर्धा रोल झाला की हीच दुरुस्ती उलट्या स्टिकने करायची. पाव रोल झाला तर एलिव्हेटरचं काम रडरकडे, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पडद्याकडे, जातं. हे उड्डाण करताना डोक्याने सोडवता येत नाही, बोटांना सवय लागावी लागते. जमिनीवर हातात छोटं थर्माकोलचं मॉडेल घेऊन रोज दहा मिनिटं हे फिरवून बघा, मैदानावरचे पन्नास फेरे वाचतील.

वारा आडवा असेल, म्हणजे पायलटकडे किंवा पायलटपासून दूर, तर चूक लवकर लक्षात येत नाही, कारण विमान डावी-उजवीकडे न जाता जवळ किंवा लांब सरकतं. १५० मीटरवर सुरू केलेलं उड्डाण पाचव्या कसरतीपर्यंत ११० मीटरवर आलेलं असतं. मग सगळ्या कसरती चौकटीबाहेर वर जातात, कारण जवळून ६० अंशांची उंची कमी पडते. आडवा वारा सेकंदाला ३ मीटर असेल तर २२ मीटर वेगाच्या विमानाचं नाक आठ अंश वाऱ्याकडे ठेवावं लागतं. ते रडरने करायचं, पंख सपाट ठेवून. पंख कलवून दुरुस्ती करणाऱ्याचा प्रत्येक लूप तिरका निघतो.

रोल कुठे बसतो

रेषेच्या मधोमध रोल असेल तर आधीची आणि नंतरची रेषा सारख्या लांबीची हवी. थोडा फरक असेल तर एक गुण, जास्त असेल तर दोन किंवा अधिक, आणि एका बाजूला रेषाच नसेल तर तीन. इथे एक बारीक मेख आहे. लांबी सारखी हवी, वेळ नाही. वर जाताना रोलच्या आधी वेग सेकंदाला २० मीटर आणि नंतर १४ असेल, तर ४० मीटरची रेषा आधी २ सेकंदांत होते आणि नंतर जवळजवळ ३ सेकंद लागतात. कॉलरने, म्हणजे कार्डावरून कसरती सांगणाऱ्या पायलटच्या सोबत्याने, "एक, दोन, रोल, एक, दोन" असं सम मोजलं की वरची रेषा आखूड राहणारच. वर जाताना नंतरची रेषा लांब वाटेपर्यंत थांबायचं. उतरताना त्याच्या उलट: आधी जास्त थांबायचं, रोलनंतर लवकर ओढायचं. उतरताना बहुतेक जण घाबरून रोल लवकर करतात आणि मग खाली लांबच लांब रेषा उरते.

सावकाश रोलचं गणित वेगळं. उजवीकडे रोल करताना उजवा पंख खाली गेला की डावा रडर, उलटं झालं की एलिव्हेटर पुढे, डावा पंख खाली आला की उजवा रडर. चूक कुठे होते? उलट्या अवस्थेतला पुढे ढकललेला एलिव्हेटर पंख उभा झाल्यावरही तसाच राहतो आणि विमान सरळ वाटेवरून बाजूला वळतं. वाट वळली म्हणजे अंशांचा हिशेब सुरू. रोलचा वेग मधे बदलला तरी गुण जातो. हा वेग बहुतेकदा अंगठ्यामुळे बदलतो. रडर देताना त्याच स्टिकवरचा किंवा दुसऱ्या हाताचा अंगठाही थोडा हलतो. ट्रान्समीटरची स्प्रिंग थोडी कडक करून बघा, फरक पडतो.

स्टॉल टर्न, स्पिन, स्नॅप

स्टॉल टर्नमध्ये उभं वर चढलेलं विमान थांबल्यावर आपल्या गुरुत्वमध्याभोवती वळायला हवं. वळण दोन पंखविस्तारांपेक्षा मोठं झालं की ती कसरत स्टॉल टर्न राहत नाही, शून्य. २ मीटरच्या मॉडेलसाठी दोन पंखविस्तार म्हणजे ४ मीटर. १५० मीटरवरून हे जेमतेम दीड अंशाएवढं दिसतं, आणि तरी अनुभवी परीक्षक ते पकडतो. रडर लवकर दिला तर विमान फिरून वळतं, उशिरा दिला तर मागे घसरतं किंवा टॉर्कने मुरडतं. थ्रॉटल पूर्ण बंद करू नका. पंख्याचा थोडा वारा शेपटीवर असेल तरच रडर लागू पडतो. वळण सुरू झालं की मग बंद. वळून खाली आल्यावर शेपटी लंबकासारखी हलली तर एक गुण जातो. त्यासाठी वळण पूर्ण व्हायच्या थोडं आधी उलटा रडर टोचायचा. विमान थांबलेलं असताना वाऱ्याने सरकलं तर त्याचे गुण कापत नाहीत, पण त्या आधीच्या उभ्या रेषेत सरकलं तर कापतात.

अशाच एका स्टॉल टर्नचा हिशेब करू, वर जाताना अर्धा रोल असलेल्या. उभी रेषा दहा अंश झुकली: अर्धा. रोलच्या आधी-नंतरची लांबी थोडी वेगळी: एक. वळण मोठं: दोन. लंबक: एक. खालचा पाव लूप सुरुवातीच्या पाव लूपपेक्षा घट्ट: एक. उरले साडेचार. बघणाऱ्यांनी मात्र टाळ्या वाजवलेल्या असतात.

स्पिनची, म्हणजे फिरत खाली पडण्याची, सुरुवात स्टॉलनेच, म्हणजे पंखांची उचल सुटूनच, व्हावी लागते. थ्रॉटल बंद, उंची राखत एलिव्हेटर हळूहळू मागे, वेग संपला की नाक आणि एक पंख एकदम पडतात. विमान स्टॉल न होता फिरत खाली गेलं तर तो सर्पिल उतार, शून्य. गुरुत्वमध्य फार पुढे असलेल्या मॉडेलमध्ये हे हमखास होतं, कितीही एलिव्हेटर ओढा. त्यावर पायलट घाई करून रडर आणि एलेरॉन (रोल करवणारे पंखांवरचे पडदे) एकदम टाकतात, मग ती स्नॅपसारखी सुरुवात होते आणि तीही वाईटच. गुरुत्वमध्य दोन-तीन मिलिमीटर मागे न्या, स्पिनसाठी एलिव्हेटरचा वेगळा जास्तीचा रेट ठेवा. दोन फेऱ्यांचा स्पिन असेल तर स्टिक साधारण पाव फेरा आधी सोडा. नेमका आकडा मॉडेल तुम्हाला सांगेल.

स्नॅप रोलमध्ये आधी नाक झटक्याने वर गेलेलं दिसलं पाहिजे, मग फिरणं. नुसता वेगाने फिरवलेला एलेरॉन रोल स्नॅप म्हणून खपवला तर पाचापेक्षा जास्त गुण जातात. म्हणून एलिव्हेटर आधी, क्षणभराने रडर आणि एलेरॉन, फिरायला लागलं की एलिव्हेटर किंचित सोडायचा म्हणजे फिरणं सुटसुटीत होतं.

बेरीज

प्रत्येक कसरतीला काठिण्याचा गुणक असतो. समजा पाच परीक्षकांनी ८, ७.५, ७.५, ७, ६.५ दिले. सर्वात जास्त आणि सर्वात कमी काढून टाकले की सरासरी ७.३३, गुणक ३ असेल तर २२ गुण. सगळ्या कसरतींची बेरीज करून फेरीतल्या पहिल्या पायलटला १००० धरतात, बाकीचे त्या प्रमाणात. पहिल्याचे ४१२ आणि तुमचे ३७१ असतील तर तुम्हाला ९००.

आता शून्याची किंमत बघा. गुणक ५ असलेली कसरत, जिथे तुम्हाला एरवी साडेसात मिळाले असते, चुकीच्या दिशेने रोल केल्यामुळे शून्य झाली. गेले साडेसदतीस. ४०० च्या बेरजेत नऊ टक्क्यांहून जास्त. एवढे गुण पूर्ण उड्डाणभर गोल लूप काढूनही भरून येत नाहीत. म्हणून कॉलर जपा. पुढच्या कसरतीचं नाव त्याने आधीच्या कसरतीतून बाहेर पडल्यावरच्या सरळ रेषेत सांगावं, मधेच नाही. शब्द आधी ठरलेले असावेत: "उलटं", "सुलटं", "आत", "बाहेर". "अरे, ते... हा, आता अर्धा रोल" असलं ऐकायची वेळ येऊ नये. आणि कॉलरने विमानाकडे बघत शाबासकी देऊ नये, कार्डाकडे बघावं.

दोन कसरतींमधली सरळ रेषा खाल्ली तर मागच्या आणि पुढच्या दोन्ही कसरतींचे गुण कापले जातात. म्हणजे एका घाईची दोनदा किंमत. जागा कमी पडतेय असं वाटलं तर कसरतींचा आकार लहान करा, रेषा खाऊ नका. मोठ्या आकाराने सुरुवात करून शेवटी चौकटीत कोंडून जाणं ही अगदी नेहमीची चूक. मध्यावरच्या कसरतीत शिरताना आणि बाहेर पडताना उंची सारखी हवी. उंची बदलायची असेल तर टोकाच्या वळणाच्या कसरतीत बदला, तिथे परवानगी आहे. आणि घड्याळ: ८ मिनिटं. सतराच्या आसपास कसरती असतात. वेळ संपल्यावर केलेल्या कसरतींना शून्य.

आपल्याकडची हवा आणि मैदान

परदेशी व्हिडिओ बघून सेटिंग उचलताना एक विसरू नका. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, सातारा शहर त्याहून उंच. एप्रिल-मेमध्ये ३५-४० अंशांच्या उन्हात इथली हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के पातळ असते. त्यामुळे स्टॉलचा वेग सात-आठ टक्के वाढतो, पंख्याचा जोर घटतो, उभी रेषा लवकर संपते. पंखा पाव-अर्धा इंच मोठा घ्यायचा मोह होतो, पण त्याने मोटर आणि स्पीड कंट्रोलर आधीच तापलेल्या हवेत आणखी तापतात. वॅटमीटर लावून करंट मोजल्याशिवाय पंखा बदलू नका. २ मीटरच्या मॉडेलमध्ये १० सेलची बॅटरी असते, ती उन्हात उभ्या गाडीत ठेवली की फुगते. पाण्याच्या बाटल्यांचा थर्माकोलचा डबा, बर्फाशिवाय, त्यासाठी पुरतो. दुपारी वावटळी उठतात आणि घारी वर चढतात. सराव सकाळी सात ते दहा.

मैदान पूर्व-पश्चिम आणि पायलटचं तोंड उत्तरेला, ही आपल्या भागातली सगळ्यात चांगली मांडणी. पश्चिमेचा वारा धावपट्टीच्या रेषेत येतो आणि सूर्य वर्षातला बहुतेक काळ पाठीशी राहतो. सांगलीच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, तेवढ्या दिवसांत मात्र सकाळच गाठावी. जतकडचा मोकळा माळ मॉडेलसाठी चांगला. वाळवा-पलूसकडे ऊस उभा असताना त्यावर उडवायचं असेल तर मॉडेलमध्ये स्वतंत्र बॅटरीचा बीपर हवाच. बारा फुटी उसात पडलेलं पांढरं मॉडेल पाच फुटांवरूनही दिसत नाही. तासगावकडे द्राक्षबागांवरून तर अजिबात नको. तारा आहेत, आणि खाली बाई-माणसं काम करत असतात.

उंचीचा प्रश्न गंभीर आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या, क्षेत्रातही मर्यादा ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटर. त्यावर जायला परवानगी लागते. आणि एफ-३-ए ची पूर्ण चौकट २६० मीटर उंच आहे. म्हणून रोजच्या सरावासाठी माझा आग्रह लहान मॉडेलचा आहे: १ ते १.२ मीटर पंखविस्तार, ४ सेल, २२०० ते २६०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी, ५ मिनिटांचं उड्डाण. ते ६५ मीटरवर उडवलं की ६० अंशांची उंची ११३ मीटर येते, मध्यापासून दोन्ही बाजूंना ११३. सगळी भूमिती तीच राहते, मर्यादेच्या आत. कराडच्या विमानतळासारख्या ठिकाणांच्या आसपास तर नकाशावर क्षेत्र बघितल्याशिवाय मॉडेल जमिनीवरून उचलूच नये.

सरावाच्या वेळी एका सोबत्याला मागे आठ मीटरवर खुर्चीत बसवा. त्याच्याकडून "मस्त" किंवा "वाईट" ऐकायचं नाही. त्याने फक्त वजाबाकी लिहायची: "लूप, माथा टोकदार, १", "मध्य सरकला, डावीकडे, १.५". फोनने व्हिडिओ काढायचा असेल तर हातात धरून विमानामागे फिरवू नका, त्यात लूप नेहमी गोल दिसतो. स्टँडवर स्थिर ठेवा, चौकट रुंद ठेवा, नंतर पडद्यावर प्लास्टिकचा कागद लावून पेनने वाट आखा. पहिले दोन आठवडे फक्त सरळ रेषा, लूप आणि वर-खाली उभ्या रेषा. एका बॅटरीत तीनच प्रकार, प्रत्येक दोन्ही दिशांनी, म्हणजे वाऱ्यात शिरतानाही आणि वाऱ्याबरोबरही. डावीकडून उजवीकडे गोल येणारा लूप उजवीकडून डावीकडे अंड्यासारखा येतो की नाही ते त्या कागदावर पहिल्याच दिवशी दिसेल.